अर्ध्या उबेचे हिवाळे

महाराष्ट्रात वाढलेल्या आमच्या पिढीची गाडीतल्या उष्णतेशी ओळख झाली ती शत्रू म्हणून. खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलं की ॲम्बॅसिडरचा नाहीतर पद्मिनीचा काटा वर सरकायचा, आणि खंडाळ्याच्या अलीकडे बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या दिसायच्या. डिकीत पाण्याचा कॅन असायचा. इंजिन निवल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असायचं. इंजिन थंड कसं ठेवायचं एवढीच चिंता. तेच आम्ही ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला एम.एस. करायला अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये पोहोचलो. कुणी मिशिगनला, कुणी विस्कॉन्सिनला, कुणी इलिनॉयला, कुणी मिनेसोटाला. पहिल्याच नोव्हेंबरात ही चिंता उलटी झाली. इंजिनातली उष्णता आपल्यापर्यंत आणायची कशी?

आज हा प्रश्न आमच्या घरांत कुणाला पडत नाही. सकाळी चहा उकळत असताना फोनवर बोट टेकवलं की दारातली गाडी तापायला लागते. आपण बाहेर पडेपर्यंत काचेवरचं बर्फ सुटलेलं असतं, सीट पाठीला शेकते, स्टीअरिंग हातांना. ७२चा आकडा लावला की गाडीत ७२ फॅरनहाइट होतात, म्हणजे आपले २२ सेल्सिअस. आणि शेजारी बसणाऱ्याला ६८ हवे असतील तर तेही मिळतात. तेव्हा आम्ही हातमोजे घालून गाडी चालवायचो, आता कोट काढून चालवतो. तेव्हा आम्ही उबेची वाट बघायचो, आता ऊब आमची वाट बघते.

जुन्या गाडीचा हीटर म्हणजे काय, हे तो नीट चालत नव्हता म्हणून आम्हाला कळलं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली बहुतेक उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. चुलीवर भाकरी भाजली जात असताना शेजारच्या वैलावर पाणी आपोआप गरम होत राहावं, तशी हीटरची योजना होती. जी उष्णता नाहीतरी वाया जाणार, तिच्यातली थोडी माणसांना. इंजिनाभोवती फिरून तापलेलं कूलंट, म्हणजे अर्धं पाणी आणि अर्धं अँटीफ्रीझ, दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागे बसवलेल्या एका छोट्या रेडिएटरमध्ये फिरून परत जायचं. त्या छोट्या रेडिएटरला हीटर कोर म्हणतात. त्याच्यावरून पंखा हवा ढकलायचा आणि ती हवा आमच्या पायांवर यायची. म्हणजे बोरघाटात तापलेल्या इंजिनाला गार करायचं काम जे पाणी करत होतं, तेच पाणी इथे आमचे पाय शेकत होतं. इंजिन फारच तापलं तर हीटर पूर्ण लावावा, तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो, हेही इथेच शिकलो. घाटात ही युक्ती माहीत असती तर कितीतरी प्रवास सोपे झाले असते.

हीटर पूर्ण बंद पडणं क्वचितच व्हायचं. तो कमजोर व्हायचा, आणि प्रत्येक कमजोरी वेगळी असायची. सिग्नलला थांबलं की वारा गार आणि गाडी पळायला लागली की कोमट, तर कूलंट कमी झालंय किंवा आत हवा अडकली आहे. शहरात बरा आणि हायवेला लागलं की गार, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय आणि इंजिन तापतच नाही. काटा हळूहळू खाली उतरताना दिसायचा. काटा बरोबर मध्यावर, पण वारा गार, तर कोर गाळाने तुंबलाय नाहीतर गार-गरम हवा मिसळणारी आतली झडप हलत नाही. पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि बाकीच्यांवर गप्प, तर रेझिस्टर जळलाय. डॅशबोर्डमागून ओहोळासारखा खळखळाट, तर हवा. गोडसर वास आणि पायाखालचं कार्पेट ओलं, तर कोरच फुटलाय. या खुणा कुणी आम्हाला शिकवायला बसलं नव्हतं. डिसेंबरपासून मार्चपर्यंत रोज गाडीत बसावं लागायचं, तेवढं पुरे होतं.

आता खुणा गाडी स्वतःच सांगते. १९९६ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत एकाच पद्धतीची तपासणी यंत्रणा बसवणं बंधनकारक झालं. स्टीअरिंगखाली एक खाच असते. तिच्यात वीस-तीस डॉलरचा स्कॅनर लावला की तो सांगतो, पी-०१२८. इंजिन ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही, बहुधा थर्मोस्टॅट. तो आकडा फोनवर टाकला की आपल्याच मॉडेलची, आपल्याच सालची गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा व्हिडिओ मिळतो. कोणता बोल्ट आधी सोडायचा, हेही कळतं. तेव्हा अंदाज बांधायचा आणि तो चुकला की पुढचा बांधायचा. आता आकडा येतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. हे आधीपेक्षा चांगलं आहे यात शंका नाही. ज्याच्याकडे महिन्याच्या शेवटी थोडेच डॉलर उरतात, त्याला चुकीचा अंदाज परवडत नाही.

तरीही ती तपासणी आठवते. शनिवारी दुपारी, ऊन पडलं असेल तर, अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये बॉनेट उघडायचं. इंजिन सकाळपासून बंद असेल तरच रेडिएटरचं झाकण काढून आत बघायचं: कूलंट काठापर्यंत आहे का? रंग हिरवा आहे की गंजासारखा तांबूस? मग इंजिन सुरू करायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि थांबायचं. रेडिएटरला जाणारी वरची जाड नळी या वेळात गारच राहायला हवी. थर्मोस्टॅट मिटलेला असताना तिच्यात गरम पाणी जात नाही. इंजिनाबरोबर तीही तापायला लागली, तर दोषी सापडला. ती गार राहिली आणि काटा मध्यावर आला, की शेवटची परीक्षा. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या पत्र्यातून आत जाणाऱ्या हीटरच्या दोन नळ्यांना हात लावून बघायचा. दोन्ही कढत असतील तर पाणी फिरतंय, दोष हवेच्या बाजूला. एक कढत आणि एक गार असेल तर कोर तुंबलाय किंवा पाणी सोडणारी झडप बंद आहे. दोन्ही कोमट असतील तर पुन्हा पहिल्यापासून. "अरे, पंख्यापासून हात लांब ठेव," असं प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, आणि मग तिथे असलेला प्रत्येकजण आळीपाळीने त्या दोन नळ्यांना हात लावून बघायचा. ज्याची गाडी नव्हती तोही.

पार्किंग लॉटमधलं हे उभं राहणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बॉनेट उघडलं की माणसं जमायची. वरच्या मजल्यावरचा नागपूरचा सीनियर, ज्याने मागच्या हिवाळ्यात हेच काम केलं होतं. तेलुगू रूममेट, ज्याच्याकडे सॉकेटचा सेट होता. कॉफीचा मग हातात घेऊन आलेले शेजारचे अमेरिकन आजोबा, जे तीन वाक्यांत निदान करायचे आणि शेवटी आपल्या गॅरेजमधून पाना आणून द्यायचे. सार्वजनिक वाचनालयात चिल्टनच्या दुरुस्तीच्या जाडजूड पुस्तकांचं एक कपाटच असायचं, आणि त्यातल्या पानांवर आधीच्या वाचकांचे ग्रीसचे ठसे असायचे. हवं ते पान झेरॉक्स करून आणायचं. तेव्हा गाडी दुरुस्त करायला पाच जणांची गरज पडायची. आज एक फोन आणि एक माणूस पुरतो.

थर्मोस्टॅट ही तर मुठीत मावणारी वस्तू. आत मेणाची गोळी, मेण वितळून फुगलं की झडप उघडते, इतकंच तिचं शास्त्र. कुणाच्या थर्मोस्टॅटवर १९५ फॅरनहाइटचा शिक्का असायचा, कुणाच्या ८२ सेल्सिअसचा. नवा बसवण्याआधी तो तपासायचा. एक जुनं पातेलं फक्त या कामासाठी वेगळं काढायचं, त्यात पाणी घालून शेगडीवर ठेवायचं, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून आत सोडायचा आणि शेजारी थर्मामीटर धरायचा. पाणी तापत जायचं, आम्ही वाकून बघत राहायचो, आणि ठरलेल्या अंशाच्या आसपास ती झडप हलकेच वर उचलली जायची. जुना थर्मोस्टॅट पातेल्यात घातला तर तो गार पाण्यातही तोंड उघडं टाकून असायचा. सगळा हिवाळा ज्याने आम्हाला गारठवलं, तो दोष डोळ्यांना दिसायचा. मग जुनं गॅस्केट खरवडून पृष्ठभाग साफ करायचा, नवा थर्मोस्टॅट मेणाची बाजू इंजिनाकडे करून बसवायचा, आणि त्याच्यावर हवा सुटायला बारीक भोक असेल तर ते वरच्या बाजूला यायला हवं, हे दोघांनी तपासायचं.

आता थर्मोस्टॅट पाण्यात तपासायची गरज उरली नाही. नवा भाग दुसऱ्या दिवशी दारात येतो. बऱ्याच गाड्यांत तो प्लास्टिकच्या घरासकट एकत्रच मिळतो, आणि काही गाड्यांत तर त्याला कॉम्प्युटरच हवा तसा उघडतो. काम मेकॅनिककडे दिलं तर संध्याकाळी गाडी गरम होऊन परत येते, सोबत छापील पावती. पावतीवर काय बदललं ते लिहिलेलं असतं. ते का बिघडलं होतं, ते नसतं. आपणही विचारत नाही, कारण विचारायला वेळ नसतो, आणि उत्तराने आपल्या दिवसात काही फरकही पडणार नसतो.

सगळ्यात चिकाटीचं काम होतं आत अडकलेली हवा काढण्याचं. कूलंट बदललं की कुठेतरी हवेचा फुगा राहायचा, आणि कोर उंचावर असला तर तो नेमका तिथेच जाऊन बसायचा. मग सपाट मिडवेस्टमध्ये चढ शोधायचा. कुठल्या इमारतीचा लोडिंगचा उतार, कुठल्या चर्चमागचा रस्ता. गाडीचं नाक वर करून उभी करायची, गार इंजिनावरच झाकण काढायचं, हीटर पूर्ण लावायचा आणि इंजिन चालू ठेवायचं. एकाने आत बसून ॲक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवायचा, दुसऱ्याने वरची नळी दाबत-सोडत राहायचं, तिसऱ्याने बुडबुडे बघत थोडं थोडं कूलंट ओतत राहायचं. बुडबुडे संपले की झाकण लावायचं. आत बसलेला एकदम ओरडायचा, "आली! गरम आली!" त्या वाऱ्यावर सगळ्यांनी हात धरायचे, ज्याने फक्त बुडबुडे मोजले त्यानेही.

या कामाला रेडिओची सोबत असायची. बॉस्टनहून चालणारा 'कार टॉक' १९८७ सालापासून देशभर ऐकू यायला लागला होता. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोघे भाऊ, दोघेही एमआयटीचे पदवीधर आणि दोघेही गॅरेजवाले. लोक फोन करून गाडीचे आवाज तोंडाने काढून दाखवायचे आणि हे दोघे खदखदून हसत निदान करायचे. वर्गात जे इंग्रजी आम्हाला समजत होतं आणि दुकानात जे समजत नव्हतं, त्यांच्यातलं अंतर या कार्यक्रमाने भरून काढलं. गाडीला काय होतंय हे अनोळखी माणसाला न लाजता सांगता येतं, आणि ऐकणारा त्यात रस घेतो, हा धडा परक्या देशात आलेल्या बाविशीच्या पोरासाठी मोठा होता. २०१२ साली त्यांनी नवे कार्यक्रम थांबवले आणि २०१४ साली टॉम गेले. ती बातमी ऐकून आमच्यातल्या कितीतरी जणांनी एकमेकांना फोन केले होते.

पण इथे थांबून नीट बघायला हवं. ते हिवाळे वाईट होते. २० जानेवारी १९८५ला शिकागोत पारा उणे २७ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला. २ फेब्रुवारी १९९६ला मिनेसोटातल्या टॉवर या गावी उणे ६० फॅरनहाइटची नोंद झाली, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस. अशा थंडीत कमजोर हीटर ही आठवण नसते, तो धोका असतो. गाडीत चार माणसं बसली की त्यांच्या श्वासाने काचा आतून गोठायच्या, आणि डीफ्रॉस्टरच्या कोमट वाऱ्याने विंडशील्डवर तळहाताएवढी जागा उघडायची. तेवढ्या जागेतून बघत आम्ही बर्फाळ हायवेवर गाड्या चालवल्या आहेत. फुटक्या कोरची वाफ काचेवर तेलकट थर सोडायची, तो पुसला की आणखी पसरायचा. कोर बदलायचा तर अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड काढावा लागायचा, आणि त्या मजुरीचा आकडा काही वेळा गाडीच्या किमतीजवळ जायचा. म्हणून कित्येकांनी त्या दोन नळ्या एकमेकींना जोडून कोरला वळसा घातला आणि उरलेला हिवाळा हीटरशिवाय काढला. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला की इंजिन थोडं लवकर तापायचं, पण थंडी ओसरल्यावर तो काढायचा राहिला तर इंजिन जळायची वेळ यायची. गळलेलं अँटीफ्रीझ चवीला गोड आणि विषारी. शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं त्याने मरायची. आता बहुतेक अँटीफ्रीझमध्ये मुद्दाम कडू द्रव्य घालतात, ही सुधारणा मला व्हिडिओ आणि स्कॅनर यांच्याइतकीच मोलाची वाटते.

शिवाय त्या थंडीचं वाटप सारखं नव्हतं. बॉनेटभोवती जमलेल्या आम्हा मुलांना तो उद्योग होता. नुकतीच लग्न होऊन आलेली, गाडी चालवायचा परवाना नसलेली मुलगी शेजारच्या सीटवर पायांवर ब्लँकेट घेऊन बसायची आणि दर दोन मिनिटांनी काच पुसायची. तान्ह्या बाळाला डॉक्टरकडे न्यायचं असलं की आई त्याला आपल्या कोटाच्या आत घ्यायला बघायची आणि कार सीटचा नियम ते करू द्यायचा नाही. त्या बायकांना आज विचारलं, तर त्यांच्या आठवणीत दोन नळ्या नसतात. बधिर झालेली पावलं असतात. आमच्या पिढीच्या हळव्या आठवणी बहुतेक पुरुषांनी सांगितलेल्या आहेत, हे लक्षात ठेवूनच त्या ऐकायला हव्यात.

एवढं सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते, म्हणजे मिडवेस्टच्या थंडीच्या ऐन मध्यावर. तिथल्या मराठी मंडळाचा तिळगूळ समारंभ नाहीतर कुणा काकूंकडचं हळदीकुंकू तासभराच्या अंतरावर असायचं. आठवड्याच्या सुरुवातीलाच फोन फिरायचे: सध्या कुणाचा हीटर चांगला आहे? ज्याचा चांगला, त्याची गाडी निघायची, आणि त्या गाडीत बसतील तितकी माणसं बसायची. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूला डाळी-पिठं आणायला जातानाही हाच नियम. गाडी कुणाची मोठी, कुणाची नवी, याला किंमत नव्हती. गरम वाऱ्याला होती, आणि तो वारा ज्याच्याकडे असेल त्याने तो वाटायचा, हे गृहीत होतं. जाता-येता दोन-तीन तास एकत्र, पाय एकाच वाऱ्यापाशी. मुलाखतींच्या तयाऱ्या त्या गाड्यांत झाल्या, घरून आलेली पत्रं मोठ्याने वाचली गेली, वडील गेल्याची बातमी दोन दिवस मनात ठेवलेल्या मुलाने ती तिथेच पहिल्यांदा सांगितली.

आता संक्रांतीला मंडळाचा पार्किंग लॉट भरलेला असतो आणि बऱ्याच गाड्यांतून दोनच माणसं उतरतात. प्रत्येकाचा हीटर चांगला आहे. तेव्हा वेळेवर पोहोचायला एकमेकांची गाडी लागायची, आता एकमेकांच्या गाडीत बसायला कारण शोधावं लागतं. आम्ही एकमेकांवर आधीइतकंच प्रेम करतो, फक्त एकमेकांवर अवलंबून नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हा जुना विषय वेगळ्या वाटेने परत आणला आहे. त्यांची मोटर इतकी कार्यक्षम की वाया जाणारी उष्णता फारशी उरतच नाही. चूलच नाही, मग वैल कुठला? ऊब बॅटरीतूनच काढावी लागते, म्हणजे ती मैलांच्या बदल्यात मिळते. २०१९ साली अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने काही इलेक्ट्रिक गाड्या २० फॅरनहाइटला, म्हणजे उणे ७ सेल्सिअसला तपासल्या. हीटर लावल्यावर त्यांचा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. म्हणून नव्या गाड्यांत हीट पंप आले, जे बाहेरच्या गार हवेतूनही थोडी उष्णता वेचून आत आणतात. जानेवारी २०२४मध्ये शिकागोत कडाक्याची थंडी पडली, तेव्हा चार्जिंगच्या ठिकाणी गाड्यांच्या रांगा लागल्या आणि लोक आत ऊब लावू की मैल वाचवू, हा हिशेब करत बसले होते. तेव्हा आमच्यासाठी ऊब फुकट होती पण पुरेशी नव्हती. आता ती पुरेशी आहे पण तिला किंमत आहे. या गाड्यांतही तापलेलं पाणी आणि नळ्या बऱ्याचदा असतात, पण सगळं झाकणाखाली, हात न पोहोचणाऱ्या जागी.

मग ज्याच्यासाठी जीव हळहळतो ते नक्की काय? थंडीसाठी नाही, हे उघड आहे. तरुणपणासाठी असेल, आणि ते तर प्रत्येक पिढीचं जातं. मला वाटतं, आम्ही एका चुकीच्या समजुतीत आहोत. कमजोर हीटर हा आमच्या काळाबरोबर संपला असं आम्ही धरून चाललो आहोत. तो संपलेला नाही. अमेरिकेच्या रस्त्यांवरच्या गाड्यांचं सरासरी वय आज १२ वर्षांहून जास्त आहे, आणि आमच्या तरुणपणी ते याहून बरंच कमी होतं. याचा अर्थ जुन्या गाड्या आज तेव्हापेक्षा जास्त आहेत. दर ऑगस्टला पुण्याहून, नाशिकहून, छत्रपती संभाजीनगरहून मुलंमुली येतात, वर्गणी काढून पंधरा-वीस वर्षांची कोरोला नाहीतर सिव्हिक घेतात, आणि डिसेंबरात त्यांचेही पाय गारठतात. त्यांच्याकडे व्हिडिओ आहे, स्कॅनर आहे. पण गार पार्किंग लॉटमध्ये बॉनेट उघडल्यावर शेजारी येऊन उभं राहणारं माणूस अनेकदा नाही. ते काम ज्यांच्याकडून आम्हाला मिळालं, त्या आजोबांच्या वयाचे आता आम्ही आहोत, आणि आम्ही उबदार घरांच्या खिडक्यांतून बाहेर बघतो आहोत.

म्हणजे हरवलेली गोष्ट यंत्रात नव्हती. ती परत आणायला गाडी वाईट असण्याची गरज नाही, कुणी थंडीत कुडकुडण्याचीही नाही. आमच्या मंडळांनी ऑक्टोबरातला एखादा शनिवार नव्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवावा. कूलंटची पातळी बघावी, अँटीफ्रीझ किती गारठ्याला टिकेल ते साध्या मापकाने तपासावं, निम्म्याला निम्मं मिश्रण असेल तर ते उणे ३७ सेल्सिअसपर्यंत गोठत नाही हे सांगावं. इंजिन तापवून दोन नळ्यांना हात लावून दाखवावा, मुलांना आणि मुलींनाही, म्हणजे पुढच्या वेळी ब्लँकेट घेऊन काच पुसत बसणं कुणाच्याच वाट्याला येणार नाही. ज्याची दुरुस्ती त्या दिवशी जमणार नाही, त्याला थंडी संपेपर्यंत कुणाच्या गाडीत बसायचं ते तिथल्या तिथे ठरवून द्यावं. त्यांना आमच्या आठवणी ऐकवण्याची गरज नाही, पाना आणि एक दुपार द्यावी. थर्मोस्टॅट आजही फार महाग नाही, आणि ती दुपार आमच्याकडे आहे.